विणत बसते म्हणून मी एकटी पडले का?

(ओळख पटू नये म्हणून या अनुभवातले तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, मी हे विणकाम सोडून देऊ का?"

पन्नाशी ओलांडलेल्या एका ताईंनी समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत विचारलं. नोकरी सोडून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. घरात वेळच वेळ होता, आणि लहानपणी शिकलेलं विणकाम पुन्हा हातात आलं होतं. मुलगी मात्र फोनवर दरवेळी ऐकवायची, "आई, तू दिवसभर त्या सुया घेऊन बसतेस, म्हणून तुला एक मैत्रीण उरली नाही." ताईंना ते लागलं होतं. खोटं म्हणावं तर मैत्रिणी खरंच उरल्या नव्हत्या. नोकरीतल्या ओळखी नोकरीबरोबर संपल्या आणि शेजारी हसून मान हलवण्यापलीकडे काही नव्हतं.

अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. कुणी वाचत बसतं, कुणी चित्रं काढतं, कुणी क्रोशे करतं. घरच्यांना दिसतं ते एवढंच की माणूस खाली मान घालून बसलंय. मग छंद आणि एकटेपणा यांची सांगड घालून सगळे मोकळे होतात. मी अशा वेळी आधी झोप, भूक, उत्साह यांची चौकशी करते. ताईंचं त्या बाबतीत ठीक होतं. विणायला बसल्या की बरं वाटायचं, उठल्यावरही बरं वाटायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण काही जण छंदाच्या आड लपतात. त्यांना हातातलं काम खाली ठेवायची भीती वाटते, येणारी बोलावणी ते टाळत जातात. ताईंना बोलावणीच येत नव्हती.

मग मी विचारलं, "कुणी घरी आलं की विणकामाचं काय करता?"

"आत कपाटात ठेवते. आलेल्या माणसासमोर विणत बसणं बरं दिसत नाही."

"आणि मग?"

"मग काय, समोरासमोर बसतो. काय बोलावं सुचत नाही. ते घड्याळ बघतात, मी पण बघते."

खरी अडचण तिथेच होती. माणसांत बसायला ज्या गोष्टीची मदत झाली असती, तीच ताई माणसं आली की लपवून ठेवत होत्या. पुढच्या भेटीला येताना विणकाम घेऊन या, असं मी सांगितलं. त्यांना ते विचित्र वाटलं, पण पिशवी घेऊन आल्या. आत फिक्या पिवळ्या लोकरीचा मफलर होता, 4 मिलिमीटरच्या सुयांवर अर्धा झालेला. नुसते सुलट टाके, दोन्ही बाजूंनी.

सुरुवातीला अवघडून बसल्या. पाच-सहा ओळींनंतर खांदे सैल झाले, आणि मागच्या भेटीत जे एका वाक्यात उरकलं होतं ते त्या नीट सांगायला लागल्या. नजर सुयांवर होती. ओळ संपली की काम उलटायचं, त्या क्षणी मान वर, माझ्याकडे बघायचं, आणि पुन्हा खाली. बोलताना मध्ये बराच वेळ काही शब्द नव्हते, तरी ती शांतता खटकली नाही, कारण हात चालू होते. मुलीचा विषय निघाला तसा आवाज बदलला नाही, पण सुया जरा जास्त वाजू लागल्या. निघायच्या आधी त्यांनी स्वतःच मफलर पसरून दाखवला. "हे बघा, इथे घट्ट झालंय." चार-पाच ओळी खरंच आखडल्या होत्या, तिथे मफलर बोटभर अरुंद दिसत होता. विणणाऱ्यांना हे ठाऊक असतं. धागा बोटावरून सुटतो, मन ताणलं की बोटही ताणतं, आणि टाका लहान पडतो. माझ्यासारखीला, जिची मजल साखळी टाक्यांपलीकडे गेली नाही, ते तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

"उसवू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचा मफलर, तुम्ही ठरवा. त्यांनी नाही उसवला.

समोरासमोर खुर्च्या टाकून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बोलणं सगळ्यांना जमत नाही. त्यात लाजाळू माणूस, त्यात ओळख नवी. हातात काम असलं की कुठे बघायचं हा प्रश्न सुटतो आणि गप्प बसायला कारण मिळतं. शिवाय बोलायला विषय समोरच पडलेला असतो. लोकर कुठली, रंग कुणासाठी, हा टाका कसा घातला, अशी सुरुवात होते आणि बघता बघता माणसं घरच्या गोष्टींवर येतात.

याला थोडाफार अभ्यासाचाही आधार आहे. जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी 2013 साली ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी या नियतकालिकात एका ऑनलाइन पाहणीचे निष्कर्ष मांडले. साडेतीन हजारांहून अधिक विणणाऱ्यांनी तिला उत्तरं दिली होती. जे जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त सांगितलं, आणि गटात बसून विणणाऱ्यांनी माणसांशी संबंध, बोलणं-चालणं सुधारल्याचं सांगितलं. उत्तरं देणारे मुळात विणकामाचे शौकीन होते, त्यामुळे यावरून विणकाम हे औषध आहे असं मी कुणाला सांगत नाही. पण "विणणारी माणसं एकलकोंडी होतात" या समजुतीला ती पाहणी दुजोरा देत नाही, एवढं नक्की.

"समोरच्याला वाटेल, हिचं लक्षच नाही," ही ताईंची पुढची शंका. हात चालू असताना कान बंद होतात का? मानसशास्त्रज्ञ जॅकी अँड्रेड यांच्या 2009 सालच्या प्रयोगात काही जणांना एक कंटाळवाणा फोनसंदेश ऐकवला होता. त्यातल्या निम्म्यांना ऐकताना कागदावरचे आकार रंगवत बसायला सांगितलं. त्यांच्या लक्षात इतरांपेक्षा 29 टक्के जास्त राहिलं. आकार रंगवणं म्हणजे विणकाम नव्हे, आणि कंटाळवाणा संदेश म्हणजे मैत्रिणीचं दुःख नव्हे. तरी हलकं, सवयीचं काम हातात असल्याने ऐकण्यात खोट येतेच असं नाही, हे त्यातून दिसतं. काम हलकं हवं, हे मात्र खरं. जाळीची नक्षी, तक्ता बघून मोजायचे टाके, दोन-तीन रंगांचं काम, हे एकटं असताना करायचं. चारचौघांत सुलट टाक्यांची सरळ पट्टी किंवा क्रोशेचे चौकोन बरे. "तेवीस, चोवीस, थांब गं जरा," असं म्हणायची वेळ आली की गप्पा संपल्याच.

बोलवायचं कुणाला, यावर आमचा बराच वेळ गेला. ताईंच्या डोक्यात दहा-बारा बायकांचं मंडळ, स्वच्छ आवरलेलं घर, साग्रसंगीत पाहुणचार असं चित्र होतं, आणि त्या चित्रानेच त्यांचे हात बांधले होते. मी म्हटलं, दोघी पुरेत. वेळ ठरवा, चार ते साडेपाच, म्हणजे येणारीला निघायला अवघड वाटणार नाही आणि तुम्हाला ती कधी उठते याची धास्ती नाही. पाहुणचार नको, तो सुरू झाला की यजमानीणबाई आत आणि पाहुण्या बाहेर. आणि घर आहे तसं असू द्या.

पहिलीला बोलवायला निमित्त आपोआप मिळालं. शेजारच्या वहिनींनी बाल्कनीत वाळत घातलेला मफलर बघून म्हटलं, "माझ्या नातवाला एक टोपी करून द्या ना!" विणणाऱ्या प्रत्येकीला हे वाक्य पाठ आहे. हो म्हणावं तर पंधरा दिवस त्यात जातात, आणि एक टोपी दिली की पुढच्या तीन मागण्या येतात. नाही म्हणावं तर तोंडदेखलं हसून संबंध आटोपतात. ताई अशा टोप्या मुकाट्याने करून देत आल्या होत्या. त्या घेऊन जाणाऱ्यांपैकी एकही जण कधी टेकलं नव्हतं.

आम्ही एक वाक्य तयार केलं आणि माझ्यासमोर दोन-तीनदा म्हणून पाहिलं: "करून देत नाही, शिकवते. मंगळवारी चारला या." मला हे वाक्य फार आवडतं. त्यात नकार आहे, पण दार बंद होत नाही. वहिनी आधी म्हणाल्या, "मला कुठलं जमायला!" आणि मंगळवारी आल्या.

नवशिक्यांच्या हाती सुया द्याव्यात की क्रोशे, हे विचारायला ताईंना माझी गरज नव्हती, त्यांनीच मला समजावलं. सुयांवर सगळे टाके एकाच वेळी जिवंत असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडी पडत जाते आणि शिकणारीच्या तोंडचं पाणी पळतं. क्रोशेत एका वेळी एकच फास उघडा असतो. कुणी हाक मारली तर तो जरा मोठा ओढून ठेवायचा आणि उठायचं. चुकलं तर धागा ओढायचा, चुकीपर्यंतच उसवतं. म्हणून वहिनींना 5 मिलिमीटरची क्रोशाची सुई, मध्यम जाडीची गुळगुळीत फिकी लोकर, आणि शिकायला साखळी, मुका खांब, खांब हे क्रोशेचे सुरुवातीचे टाके. काळी किंवा गडद लोकर सुरुवातीला नकोच, टाके दिसत नाहीत. व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी ताईंनी आणखी एक सांगितलं: ब्रिटिश आणि अमेरिकन पद्धतीत एकाच टाक्याची नावं वेगळी असतात, त्यामुळे नमुना कुठल्या पद्धतीचा आहे ते आधी बघायचं, नाहीतर टोपीची टोपली होते.

पुढचे काही मंगळवार चांगले गेले. आणखी एक ओळखीच्या बाई येऊ लागल्या. मग ताई जरा हिरमुसून आल्या. वहिनी दोनदा आल्याच नव्हत्या.

काय झालं, ते बारकाईने विचारलं. वहिनींचा चौकोन वाकडा होत होता. ताईंनी तो त्यांच्या हातातून घेतला, भराभर तीन ओळी उसवल्या, नीट करून परत दिला. त्यांच्या मते ही मदत होती. "मी त्यांचं काम सोपं केलं ना?" मी विचारलं, "तुम्ही उसवत होतात तेव्हा वहिनी काय करत होत्या?" ताई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नुसत्या बघत होत्या."

आयुष्यभर दुसऱ्यांची कामं करून देणाऱ्या माणसाला नुसतं शेजारी बसणं जड जातं. नोकरीत ताई नडलेल्यांची कामं उरकून द्यायच्या, घरातही तेच. घरी आलेली बाई त्यांच्यासाठी नकळत आणखी एक काम होऊन बसली होती. यावर आमचं बोलणं टोप्या-मफलरच्या पलीकडे गेलं आणि बऱ्याच भेटी चाललं. पण मंगळवारपुरता नियम साधा होता: विचारल्याशिवाय दुसरीचं काम हातात घ्यायचं नाही. विचारलं तरी आपल्या स्वतःच्या लोकरीवर करून दाखवायचं, तिचं तिच्याच हातात राहू द्यायचं. आणि वाकडं झालेलं तिला चालत असेल, तर आपल्यालाही चालतंय.

ताई वहिनींकडे गेल्या. माफीनामा वगैरे नाही, स्वतःचा सगळ्यात वाकडा झालेला जुना मोजा दाखवायला घेऊन गेल्या. वहिनी पुन्हा येऊ लागल्या.

या सगळ्यात ताईंचे यजमान आले ते असे. लोकरीच्या काही लडी सैल वळलेल्या येतात, तशाच विणायला घेतल्या तर गुंता ठरलेला. आधी गुंडा करावा लागतो, आणि त्याला चार हात लागतात. एकाने दोन्ही हात पुढे करून लडी ताणून धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचं. धरणाऱ्याने हात किंचित डावीउजवीकडे झुकवत धागा सोडत जायचं, नाहीतर अडकतो. एका संध्याकाळी मैत्रिणी नव्हत्या, म्हणून ताईंनी त्यांना हात पुढे करायला लावले. फोन घेता येत नाही, उठता येत नाही, टीव्हीचा रिमोट लांब. त्या लडीभर वेळात दोघं जेवढं बोलले तेवढं महिनाभरात बोलले नव्हते, असं ताईंचं म्हणणं. विणता न येणाऱ्या माणसाला या छंदात काय जागा, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते: लडी धरा.

ज्यांना घरात हे सुरू करायचंय त्यांनी शरीराकडेही बघावं. गप्पांच्या नादात दीड तास मान खाली राहते. अर्ध्या तासाने काम ठेवून मनगटं, बोटं, मान मोकळी करावी, उजेड मागून किंवा बाजूने असावा. अंगठा किंवा मनगट दुखायला लागलं तर "एवढी ओळ संपवते" हा मोह आवरावा.

आणि आवडती लोकरही हातात घ्यावीशी वाटत नसेल, झोप-भूक उडाली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर मैत्रिणी जमवण्याच्या खटपटीआधी डॉक्टरांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. तिथे विणकाम पुरत नाही.

ताईंच्या घरी आता तिघी-चौघी बसतात. एक जण मध्येच यायची बंद झाली, तिला विणकामात रस नव्हता आणि तिने तसं सांगितलं, हेही ठीकच. मुलगी अजून म्हणते, "दिवसभर विणत बसतेस." शेवटच्या भेटीत मी विचारलं, आता काय उत्तर देता? ताई म्हणाल्या, "तिला म्हटलं, व्हिडिओ कॉल लाव आणि तूही काहीतरी हातात घे. ती कपड्यांच्या घड्या घालते, मी विणते. आधी पाच मिनिटांत फोन ठेवायची."