बाळ ५ महिन्यांचं आहे, पाळणा लांबवायचा तर काय वापरू?

एका मैत्रिणीने विचारलंय ते थोडक्यात असं. ती परदेशात राहते, दुसरं बाळ ५ महिन्यांचं, अंगावर पाजते, पाळी अजून आलेली नाही. नवरा म्हणतो आपण काळजी घेतोय की, आई फोनवर सांगते पाजतेयस तोवर दिवस जात नाहीत आणि तांबी (कॉपर टी) अजिबात बसवू नकोस, आणि तिथल्या डॉक्टरांनी पत्रकांचा गठ्ठा देऊन तुम्हीच ठरवा म्हटलं. पुढच्या महिन्यात लांबचा विमानप्रवासही आहे.

ताई, आईचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बाळ ६ महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही, आणि दिवसरात्र फक्त अंगावरचं दूध, म्हणजे दिवसा ४ तासांपेक्षा आणि रात्री ६ तासांपेक्षा जास्त गॅप नाही, या तिन्ही गोष्टी असतील तरच हा भरवसा चांगला चालतो. यातली एक जरी सुटली, वरचं सुरू झालं किंवा बाळ रात्रभर झोपायला लागलं, की संपलं. आणि पाळी आली की बघू असं तर अजिबात नको, कारण बीज पाळीच्या आधी बाहेर पडतं, म्हणजे एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात.

नवऱ्याची काळजी म्हणजे ऐन वेळी बाहेर काढणं असेल तर त्यावर वर्षभर विसंबलेल्या १०० जोडप्यांपैकी साधारण २० जणींना दिवस जातात. कंडोमवर साधारण १३, रोजच्या गोळीवर ७, तांबी किंवा दंडातल्या इम्प्लांटवर (कातडीखाली बसवायची बारीक काडी) १ पेक्षाही कमी. हे आकडे माणसं खऱ्या आयुष्यात जशी वापरतात, विसरतात, कंटाळा करतात, ते धरून आहेत. ५ महिन्यांचं बाळ आणि वर एक मोठं मूल असताना रोज काही लक्षात ठेवावं न लागणं ही फार मोठी गोष्ट आहे, म्हणून माझा कल तांबीकडे किंवा इम्प्लांटकडे आहे.

तांबीत हार्मोन नसतं. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात, दुधावर परिणाम नाही, ३८० नंबरची तांबी १० वर्षं चालते आणि काढली की लगेच दिवस जाऊ शकतात. आईची भीती अगदीच खोटी नाही, बसवताना गर्भपिशवीला भोक पडू शकतं, पण ते हजारात एखाद-दोन जणींना, पाजत असताना थोडं जास्त, म्हणून हात बसलेल्या डॉक्टरकडूनच बसवायची आणि तसं सरळ विचारायचं. जास्त जणींना होणारा त्रास वेगळाच असतो, पहिले काही महिने पाळी जास्त जाते आणि पोटात कळा येतात, त्यामुळे मुळात अंगावरून खूप जात असेल किंवा हिमोग्लोबिन कमी असेल तर तांब्याऐवजी हार्मोन असलेली, तशीच गर्भपिशवीत बसवायची, ती बरी. तिने गर्भपिशवीच्या तोंडाचा स्राव घट्ट होतो, आतलं अस्तर पातळ राहतं, पाळी कमी होते, कधी बंदही होते. पाळी बंद झाली म्हणजे रक्त आत साठून राहतं असं नाही हो, बाहेर पडायला अस्तरच नसतं. इम्प्लांटही हार्मोनवालंच, पाजताना चालतं, पण त्यात पाळी कधी येईल कधी नाही याचा नेम राहत नाही.

इस्ट्रोजेन असलेली नेहमीची गोळी पाजत असताना सुरुवातीचे महिने सहसा देत नाहीत. नंतरही बीपी, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, डोळ्यांपुढे चमकून येणारी मायग्रेन, किंवा पस्तिशीनंतर सिगारेट, यातलं काही असेल तर ती नकोच. बाकीच्यांना गुठळीचा धोका थोडा वाढतो, गरोदरपणातल्या धोक्यापेक्षा तो कमीच, शिवाय बीजकोशाच्या आणि गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. पाजताना मिनी पिल, म्हणजे इस्ट्रोजेन नसलेली गोळी, चालते, फक्त वेळ काटेकोर पाळावी लागते, काही ब्रँडना ३ तासांपेक्षा जास्त उशीर चालत नाही.

भारतातून सहेली किंवा छाया मागवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. आठवड्याची गोळी, पहिले ३ महिने आठवड्यातून दोनदा. लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेत तयार झालेली, पण बऱ्याच देशांत मिळत नाही, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांना नावच माहीत नसतं. त्यातल्या औषधाचं नाव ऑर्मेलॉक्सिफेन, ते लिहून दाखवा, लपवू नका.

आणि नवऱ्यालाही अपॉइंटमेंटला न्या. दोनच मुलं असं दोघांचं पक्कं असेल तर पुरुष नसबंदी हे बायकांच्या ऑपरेशनपेक्षा बरंच सोपं काम आहे, पौरुषावर काही परिणाम होत नाही, फक्त साधारण ३ महिन्यांनी वीर्याची तपासणी क्लिअर येईपर्यंत कंडोम वापरायचा. पण भाषेची अडचण असेल तर नवऱ्याला दुभाषा करू नका, दवाखान्याकडे दुभाषा मागा, कारण काही गोष्टी तुम्हाला एकटीने विचारायच्या असतील.

प्रवासाचं म्हणाल तर मिनी पिल सुरू केलीत तर फोनवर गोळीचा अलार्म घरच्याच वेळेवर ठेवा, उतरल्यावर फोनचं घड्याळ बदललं की अलार्मही सरकतो, तेव्हा तो घरच्या वेळेला जुळेल असा पुन्हा लावा. लांबचं बसणं आहे, त्यामुळे विमानात मधून मधून उठून चाला, पाणी पीत राहा. एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर थकवा म्हणून सोडून देऊ नका, लगेच इमर्जन्सीत जा आणि बाळंतपण कधी झालं, कोणती गोळी चालू आहे, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा.