कुत्रं कूलरपुढे, पोरं गच्चीवर: वाचकांचे प्रश्न

एप्रिल लागला की जळगाव-भुसावळकडचे मेसेज सुरू होतात. डॉक्टर, कुत्रं जीभ काढून पडलंय, डॉक्टर, मांजर कूलरच्या टाकीतलं पाणी पितंय, अन् सोबत नातवाचा फोटो की हा पण दोन दिवस धड जेवला नाहीये. आता मी पडलो ढोरांचा डॉक्टर, सरकारी दवाखान्यात जन्म गेला, बैल-म्हशीच जास्त बघितल्या. लेकरांचं आमच्या सौ. सांगतील, त्या नर्स होत्या. म्हणून यावेळची उत्तरं दोघांची मिळून आहेत, कुठलं कोणाचं ते कळेलच.

आमच्याकडे आठ महिन्यांचं लॅब्राडोर आहे अन् घरात चार आणि सात वर्षांची दोन पोरं. दुपारभर कुत्रं धापा टाकतं, लाळ गळते, जेवण अर्ध्यावर आलंय. मिस्टर म्हणतात मशीन मारून टक्कल करून टाकू. सासूबाईंनी ऊन लागू नये म्हणून त्याच्या पट्ट्याला कांदा बांधलाय. काय करू? (एक आई, चाळीसगाव)

ताई, धापा टाकणं हाच त्याचा घाम समजा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गाद्यांना थोडाफार येतो पण तेवढ्यावर काय भागतंय, म्हणून ते जीभ बाहेर टाकून भराभर श्वास घेतं, तोंडातला ओलावा उडतो अन् अंग थंड होतं. म्हणजे पाणी भरपूर लागणार. एकच भांडं ठेवलं तर चार वर्षांचं पोरगं ते सांडतंच, दोन-तीन ठिकाणी ठेवा, जड मातीचं ठेवा, स्टीलचं उन्हात तापतं. जेवणाचं टेन्शन घेऊ नका, उन्हाळ्यात कमी खातंच, सकाळी लवकर अन् रात्री गार झाल्यावर द्या. पण खाणं पूर्णच सोडलं किंवा नुसतं पडूनच राहायला लागलं तर दवाखान्यात दाखवा.

टक्कल नको. लॅबला केसांचे दोन थर असतात, आतला मऊ अन् वरचा राठ, तोच त्याचा उन्हापासूनचा आडोसा आहे, तो काढला तर कातडी डायरेक्ट भाजेल. रोज ब्रश मारून गळणारे केस काढा, बस झालं.

कांद्याबद्दल सासूबाईंना दुखवू नका. खिशात कांदा ठेवून उन्हात निघायची आपल्याकडे रीतच आहे, माझ्या मोठ्या मायने पण शाळेत जाताना माझ्या खिशात कोंबलेला आहे, अख्ख्या वर्गात वास सुटायचा. पण लॅबच्या गळ्यात कांदा बांधला म्हणजे तो आज ना उद्या कांदा खाणारच, अन् कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तो कांदा मिस्टरांच्या खिशात ठेवा, सासूबाईंचं पण मन राहील.

आता एक माझी स्वतःची चूक सांगतो. धुळ्याला होतो तेव्हा आमचा मोत्या अंगणात निंबाखाली बांधलेला असायचा. सकाळी दहाला मस्त गर्द सावली, मी निवांत ड्युटीवर गेलो. दीड वाजता जेवायला आलो तर सावली सरकून भिंतीपलीकडे गेलेली, साखळी मात्र तिथंच, अन् मोत्या तिच्या टोकापर्यंत ताणून भिंतीच्या कडेला नाक लावून पडलेला. हिरड्या लालभडक, डोळे फिरलेले, उठवलं तर पाय लटपटतायत. डॉक्टरच्याच घरी हे झालं, म्हणून सांगतो की कुत्रं बांधायचंच असेल तर सकाळी नाही, दुपारी दोनची सावली बघून बांधा.

तसं दिसलं की आधी सावलीत आणा, पोट, जांघा, पंजे यावर पाणी ओता अन् फॅन लावा. टॉवेल ओला करून अंगावर पांघरून ठेवू नका, तो आतल्या आत गरम होतो. अन् पाणी ओतायच्या आधी स्वतःचा हात घालून बघा! आपल्याकडे दुपारी गच्चीवरच्या टाकीचं नळाला येणारं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, घाईत तेच ओतलं जातं. माठातलं, रांजणातलं, सावलीतल्या ड्रमातलं घ्या. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पिऊ द्या, जबरदस्तीने तोंडात ओतू नका. अन् थोडं बरं वाटलं तरी दवाखान्यात न्याच, आतल्या अवयवांना मार बसलेला वरून दिसत नाही.

अजून एक, कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचरच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. अंगाला हात लावला की गरमच लागणार. ताप आहे समजून पोरांचं तापाचं सिरप पाजणारे मी पाहिलेत. पॅरासिटामॉल कुत्र्याला मनाने द्यायचं नाही अन् मांजराला तर अजिबात नाही, मांजर त्याने मरतं.

फिरवायचं सकाळी सहाला नाहीतर रात्री. निघण्याआधी पोराला सांगा रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकव अन् सात आकडे मोज. मोजता आले नाहीत तर परत घरात. आमचा नातू हे फार मन लावून करतो, शेजाऱ्यांच्या कुत्र्यासाठी पण.

माझं लेकरू चार महिन्यांचं आहे, अंगावरच पितं. इकडे ४४ चाललंय, सगळे म्हणतात घसा सुकतो, चमच्याने पाणी पाज. पाजू का? (शहादा)

नाही. सहा महिन्यांपर्यंत पाणी नाही, ग्राइप वॉटर नाही, मध नाही. आईच्या दुधातच भरपूर पाणी असतं, उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजा, अन् पाणी तुम्ही स्वतः प्या. लघवी दिवसातून सहा-सात वेळा, फिक्कट रंगाची होत असेल तर सगळं ठीक आहे. कमी झाली, गडद झाली, टाळू खोल गेली किंवा लेकरू सुस्त पडलं तर वाट न बघता दवाखाना. घामोळ्यांवर पावडरचा थर लावू नका, सुती झबलं अन् गार पाण्याने पुसून घेणं पुरे. (हे सौ.चं.)

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे तिन्ही लेकी माहेरी येतात, सोबत सहा नातवंडं. घरात एक गावठी कुत्रा आहे, चांगला शांत आहे, पण पोरं त्याला दिसेल ते खाऊ घालतात. काय द्यायचं नाही ते सांगा. (आजोबा, अमळनेर)

अप्पा, आखाजी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आधी आमरसाचं पातेलं अन् खापरावरची पुरणपोळी येते, कुत्र्याच्या पण येत असणार. पुरणपोळीचा एक कोपरा मिळाला तर काही आभाळ कोसळत नाही. कोसळतं ते आंब्याच्या कोयीने. रस काढला की कोयी बादलीत जातात, बादली मोरीत, अन् मोरीत कुत्रा. रसाळ कोय अख्खी गिळतं अन् ती आतड्यात अडकते, मग उलट्या, पोट फुगलेलं, सरळ ऑपरेशनवर जातं प्रकरण. कोयींच्या बादलीला झाकण ठेवा, नाहीतर एका नातवाला कोयींचा वॉचमन करा, पोरांना असली पदं आवडतात.

दुसरं म्हणजे मनुके-बेदाणे. शिऱ्यातले वेचून पोरं कुत्र्याला टाकतात. द्राक्ष अन् मनुका काही कुत्र्यांच्या किडनीला इतका बाधतो की वाचत नाहीत, अन् कोणाला किती बाधेल ते आधी कळत नाही. चॉकलेट पण नाही. कांदा-लसणाचा रस्सा भाकरीत कालवून द्यायची आपली सवय जुनी आहे, "आमचा इतली वर्षं खातोय, काही झालं नाही" असं तुम्ही म्हणाल, म्हणा, पण मी लिहिणार नकोच. साधी भाकरी-ताक द्या, अंडं द्या.

झोक्याचं पण बघा. निंबाला झोका बांधला की कुत्रं त्याच्या मागे-पुढे पळतं अन् पाटाचा फटका त्याला बसतो, नाहीतर त्याला चुकवताना पोरगं पडतं. झोका चालू असेल तेवढा वेळ कुत्रा आत. आत म्हणजे कोंडून नाही, एका खोलीत फॅन लावून, पाणी ठेवून, अन् त्या खोलीत पोरांना नो एंट्री. सहा पोरांच्या आरड्याओरड्यात शांत कुत्र्याला पण कुठंतरी जाऊन पडायला जागा लागते, मला पण लागते. जेवत असताना, झोपेत असताना त्याला हात लावायचा नाही एवढा एक नियम लेकी आल्या त्याच दिवशी सगळ्या पोरांना सांगून टाका.

गच्चीवर कुरडया वाळत घातल्या असतील तर कुत्र्यापेक्षा नातवंडंच जास्त संपवतील, त्यावर माझ्याकडे औषध नाही.

माझा सात वर्षांचा भाचा सुट्टीला आलाय. गल्लीतल्या पिल्लासोबत खेळताना पिंढरीला दात लागले, पण मामी रागवेल म्हणून त्याने तीन दिवस सांगितलंच नाही, आंघोळ घालताना मला दिसलं. बारीक ओरखडा आहे, रक्त आलं नाही म्हणतो. शेजारच्या काकू म्हणतात मिरचीपूड लाव, पिल्लू लहान आहे, काही होत नाही. (धुळे)

हे वाचत असाल तर आधी मासिक खाली ठेवा अन् दवाखान्यात जा. तीन दिवस झाले म्हणून आता काय उपयोग असं नाही, उशिरा का होईना लस सुरू करायची असते. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचत नाही जवळपास, पण त्याआधी वेळेवर लस घेतली तर पूर्ण टळतो, इतका सरळ हिशोब दुसऱ्या कुठल्या रोगाचा मी पाहिला नाही. पिल्लू लहान आहे म्हणून सेफ हा तर मोठाच गैरसमज, पिल्लांनाही रेबीज होतो.

मिरची, चुना, हळद, तेल काहीही नाही. चावल्याबरोबर नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं असतं, घड्याळ लावून, पाच मिनिटातच पोरगं कंटाळतं. तुमच्याकडे ती वेळ गेली, तरी आता पण धुवा. सरकारी दवाखान्यात लस फुकट मिळते. कातडीत देतात तेव्हा पहिला डोस, मग तिसऱ्या, सातव्या अन् अठ्ठाविसाव्या दिवशी, दंडाच्या स्नायूत देतात तेव्हा चौदाव्या दिवशीचा एक डोस वाढतो. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शन पण लागतं, म्हणून भाच्याला न रागावता परत एकदा विचारा रक्त आलं होतं का. पिल्लावर दहा दिवस नजर ठेवा, पण लस त्यासाठी थांबवायची नाही. सुट्टी संपून तो गावी गेला की शेवटचा डोस राहतो, हे फार होतं, कार्डचा फोटो त्याच्या आईला आजच पाठवा.

सौ. म्हणतात एवढंच सांगा, त्याला मारू नका. यावेळी मारलं तर पुढच्या वेळी आंघोळीत पण दिसू देणार नाही.

मुलाने वादळात पडलेलं पोपटाचं पिल्लू आणलंय, नऊ वर्षांचा आहे, पिंजरा आण म्हणून हट्ट धरलाय. (शिरपूर)

पिंजरा नाही. आपला हिरवा पोपट वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतो, घरात पाळणं गुन्हा आहे, गावोगाव पिंजरे टांगलेले दिसतात म्हणून तो चालतो असं नाही. ज्या झाडाखाली सापडलं त्याची ढोली शोधा, हात पोचत असेल तर परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही ही नुसती बोलायची गोष्ट आहे. ढोली उंच असेल किंवा पंखाला लागलं असेल तर वन विभागाचा १९२६ नंबर लावा. तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा अन् चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासात जातं. मुलाला फोन लावू द्या, बोलू द्या त्यालाच, पिंजऱ्याचा हट्ट थोडा तरी उतरेल.

क्वार्टरच्या खिडकीतल्या कूलरमागे मांजरीने तीन पिल्लं घातलीत. कूलर लावला नाही तर आम्ही उकडून मरतो, लावला तर पिल्लांचं काय? पाच वर्षांची मुलगी दिवसभर तिथंच बसून असते. (भुसावळ)

आधी मुलीला तिथून उठवा, मग मांजरीचं बघू. पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी, अनवाणी लेकरू अन् ताटीतून हात घालायची सवय, आपल्याकडे दर उन्हाळ्यात याची एक तरी वाईट बातमी येते. प्लग काढल्याशिवाय कूलरला कोणी हात लावायचा नाही, टाकी भरताना पण नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा अन् ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन लगेच तोडणारा स्विच, बसवून घ्या, तुमच्या आमरसाच्या दोन पार्ट्यांपेक्षा जास्त खर्च नाही.

पिल्लांना हात न लावता संध्याकाळपर्यंत थांबा. घरातल्याच गार, अंधाऱ्या कोपऱ्यात खोकं आडवं ठेवा, आत जुनी सुती साडी. मांजर बाहेर गेली की पिल्लं खोक्यात ठेवा, तिच्या वाटेवर, तिला दिसतील अशी. ती बहुतेक तिसऱ्याच ठिकाणी उचलून नेईल अन् तुम्हाला माळ्यावर सापडतील, नेऊ द्या, कूलरमागून निघाली ना. अंगावर गोचीड-पिसवा दिसल्या तर कुत्र्याची पावडर किंवा ड्रॉप्स मारू नका, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष आहे.

मुलीला सांगा रोज सकाळी मांजरीचं पाणी बदलायचं काम तिचं. अन् आठवड्यातून एकदा कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून घासा, त्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास होतो, प्लग काढून, हे परत लिहितोय, प्लग काढून.