बाराखडी तोंडपाठ, पण शब्द वाचता येत नाही: दुसरीच्या एका बाईंची चिंता

"पोरं बाराखडी धडाधडा म्हणतात. समोर 'टोपी' लिहून ठेवलं की गप्प. चौदा वर्षं शिकवतेय, पण आता वाटतं, मला शिकवताच येत नाही."

धुळे जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात दुसरीला शिकवणाऱ्या बाईंचे हे शब्द. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वर्गात 27 मुलं. पहिल्या सत्राच्या शेवटी त्यातल्या 11 जणांच्या नावापुढे त्यांनी 'वाचन नाही' अशी नोंद केली होती. झोप उडाली होती, घरी चिडचिड होत होती. प्राथमिकच्या शिक्षकांकडून अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. 'निपुण भारत' हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान 2021 साली सुरू झाल्यापासून तर आणखी, कारण दुसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला 45 ते 60 शब्द या वेगाने, समजून वाचावा असं त्यात ठरलं आहे. शिक्षकाच्या डोक्यात मात्र आकडाच राहतो, 'समजून' गळून पडतं.

बाईंच्या अपराधी भावनेवर बोलण्याआधी 'वाचन नाही' ही नोंद उलगडणं गरजेचं होतं. या दोन शब्दांत निदान पाच वेगवेगळ्या अडचणी लपू शकतात.

म्हणून आधी तपासणी. एकेका मुलाला व्हरांड्यात बोलवायचं, पाच मिनिटं, बाकीचा वर्ग चित्र काढतोय. पाच कार्डं: उलटसुलट क्रमाने 12 अक्षरं, 'घर, नळ, बस' असे बिनमात्रेचे शब्द, 'काका, मामी, टोपी' असे मात्रेचे, आणि चार वाक्यांचा छोटा उतारा. शेवटी 'रीमो', 'लोमू' असे दोन निरर्थक शब्द. हे कार्ड फार कामाचं, कारण पुस्तकातले शब्द मुलं चित्रावरून किंवा पाठांतराने ओळखतात. 'रीमो' पाठ असणं शक्य नाही. तपासताना दुरुस्ती करायची नाही. मूल काय म्हणालं ते जसंच्या तसं लिहायचं.

तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. तीन मुलं घ-ध, म-भ, ब-व यांत अडखळत होती. चौघांना मात्रा फक्त चालीत येत होत्या: 'की' दाखवलं की बोटं मोडत "क, का, कि, की" असं तिथवर गात यायचं. 'टोपी' वाचायला अशी दोन गाणी गावी लागतात, आणि दुसरं संपेपर्यंत पहिलं अक्षर विसरलेलं असतं. दोघं भराभर वाचत, पण "कोण आलं होतं?" या प्रश्नाला उत्तर नाही. एका मुलीला कार्ड नाकाजवळ धरल्यावर सगळं येत होतं. तिला डोळे तपासायला पाठवलं आणि तिला चष्मा लागला.

अकरावा मुलगा 'काळा' वाचताना "काया" म्हणत होता, 'डोळे' वाचताना "डोये". बाईंनी वर्गात त्याला तीनदा टोकलं होतं, मग त्याने तोंड उघडणंच सोडलं. हा मुलगा उत्तम वाचत होता. घरी अहिराणी, आणि अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. छापलेला शब्द ओळखून, अर्थ कळून, तो आपल्या बोलीत उच्चारत होता. बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. हे कळल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढचं काम रोज 35 मिनिटांचं. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घ्यायची नाहीत, गटाने घ्यायची. पहिला गट क, म, ल, र, आ आणि काना. एवढ्यावर 'काल मामा आला' हे पूर्ण वाक्य वाचता येतं, आणि आपण वाक्य वाचलं हे मुलाला पहिल्याच आठवड्यात कळतं. दुसऱ्या गटात घ, त, न, ब आणि दुसरी वेलांटी: 'मामी घरी आली'. एका गटाला आठ-दहा दिवस. घ शिकवला त्या गटात ध नको. निदान दोन गटांचं अंतर हवं.

पहिली वेलांटी मुद्दाम उशिरा. ती लिहिली जाते अक्षराच्या आधी, उच्चारली जाते नंतर. डावीकडून वाचणाऱ्या मुलाचा तिथे गोंधळ होणारच.

चालीत अडकलेल्या चौघांसाठी पुठ्ठ्याची खिडकी केली. खिडकीच्या उजव्या कडेला 'ी' पक्की, मागून अक्षरांची पट्टी सरकते: की, मी, ली, री. "क ला दुसरी वेलांटी की" म्हणायचं नाही, थेट "की". रोज सात-आठ मिनिटं. दोन-अडीच आठवड्यांत बोटं मोडणं थांबलं. अर्थाविना वाचणाऱ्या दोघांचं मोबाईलवर वेळ लावून वाचणं बंद केलं, दोन वाक्यं झाली की थांबून "आता पुढे काय होईल?" विचारायचं. आणि सगळ्या वर्गाला रोज दहा मिनिटं बाईंनी गोष्ट वाचून दाखवायची. घाईत पहिल्यांदा गळते ती हीच गोष्ट, आणि ती गळू देऊ नये असा आमचा आग्रह असतो.

तिसऱ्या आठवड्यात एक चूक झाली. सोय म्हणून बाईंनी अकरा जणांची वेगळी रांग केली. चार दिवसांत ती रांग 'ढ' ठरली, मुलं हात वर करेनाशी झाली. मग गट फक्त वीस मिनिटांपुरते ठेवले, एरवी सगळे मिसळून.

आता बाईंबद्दल. त्या रोज डायरी लिहीत. पान उघडलं की "आज काहीच जमलं नाही." असं वाक्य लिहिलं की दुसऱ्या दिवशी करायला काहीच हाती राहत नाही. त्यांना सांगितलं: रोज तीनच ओळी, मुलाचं नाव, तो कुठल्या शब्दावर थांबला, उद्या काय करणार. पंधरा दिवसांनी पानावर होतं: "'बदक'ला वदक म्हणाली. ब-वची कार्डं उद्या वेगळी ठेवणार, आधी फक्त ब." बाईंची झोप सुधारली ती या सुमाराला. दोष कमी झाला म्हणून नव्हे. तो कुठे आहे हे दिसू लागलं होतं, आणि बराचसा त्यांचा नव्हताच.

दुसरा बदल त्यांनी स्वतः केला. फळ्याच्या एका कोपऱ्यात मुलं रोज बाईंना एक अहिराणी शब्द शिकवू लागली: आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. तोंड मिटलेला तो मुलगा या कामात सगळ्यांच्या पुढे. एके दिवशी त्याने वहीत लिहिलं, "मनी माय उनी." बाईंनी लाल पेन उचललं नाही. खाली आपल्या अक्षरात लिहिलं, "माझी आई आली," आणि दोन्ही वाक्यं त्याच्याकडून वाचून घेतली.

"अभ्यासक्रम मागे पडतो" हा प्रश्न इथे हमखास येतो. पडतो, साधारण दोन-तीन पाठांनी. ज्या मुलाला 'टोपी' वाचता येत नाही, त्याच्यापुरते ते पाठ तसेही झालेले नसतात.

मार्चअखेर अकरापैकी आठ मुलं अनोळखी उतारा वाचून त्यावर बोलू लागली. दोघं शब्दांपर्यंत आली, जोडाक्षरं बाकी आहेत. एक मुलगा अजून घ-ध उलटे करतो. वय सात, 'अध्ययन अक्षम' हा शिक्का मारायची वेळ आलेली नाही. तिसरीच्या शिक्षकांकडे त्याच्या वाचनाच्या नोंदी द्यायच्या, सहा महिने हेच काम चालू ठेवायचं आणि तरीही फरक पडला नाही तर तज्ज्ञांकडून तपासणी. त्या नोंदींची आठ पानं बाईंनी सुटीआधीच वेगळी काढून ठेवली आहेत.