चांगल्या टोकापासून सुरुवात कर

इंदूर
जूनचा पहिला आठवडा

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद. आजोबांची चोरलकडची जमीन विकायची नाही, तिच्यावरचं सागाचं रान राखायचं, असं घरात ठरल्याचं तुझ्या पत्रातून कळलं आणि फार बरं वाटलं. त्यातून आजूबाजूच्या झाडोरा-मालकांना तू एक दिवस रानात बोलावते आहेस. आपल्या भागात हे कुणीतरी करायलाच हवं होतं.

नाल्याकाठची घाणेरीची, म्हणजे लँटाना या परक्या काटेरी झुडपाची, जाळी माणसाच्या डोक्यावर गेली आहे, ती पाहुण्यांदेखत साफ करून दाखवली तर कसं, असं तू विचारलं आहेस. माझं ऐकशील तर ती जाळी यंदा अशीच राहू दे. सुरुवात वरच्या धारेवर, म्हणजे उताराच्या माथ्यावर कर. तिथं सागाखाली अजून गवत आहे, धावड्याची आणि तेंदूची रोपं आपोआप उगवताहेत, आणि घाणेरीचं झुडूप बऱ्याच अंतरावर एखादंच दिसतं.

हे उलटं वाटेल, पण हिशेब बघ. दाट जाळीत एकेका एकराला मजूर दिवसच्या दिवस राबतात आणि शेवटी हाती येते उघडी माती. तिच्यात घाणेरीचं बी भरपूर पडलेलं असतं, गवताचं मात्र जवळजवळ संपलेलं. पहिल्या पावसात त्या जमिनीवर काय उगवणार, हे तुला सांगायला नको. तेवढ्याच मजुरीत वरच्या बाजूचं कितीतरी मोठं रान तुरळक झुडपांपासून मोकळं होतं, आणि उपटलेल्या जागी शेजारचं गवत त्याच पावसाळ्यात सरकतं. जे चांगलं आहे ते आधी राखायचं आणि त्याची हद्द दरवर्षी थोडी थोडी खाली नेत नाल्यापर्यंत पोचायचं. पाच-सात वर्षं लागतील. तू पंचविशीची आहेस, तुला ती आहेत.

घाणेरी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून ती कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून देशभर पसरली. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा 100 परक्या प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे, आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या दीड लाख चौरस किलोमीटरहून अधिक जंगलात ती असल्याचं म्हटलं आहे. पण पाहुण्यांना हे आकडे सांगण्यापेक्षा त्यांच्याच रानात ती का वाढते ते दाखव. गाईगुरं तिला तोंड लावत नाहीत. लावलंच तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हात कातडी सोलून निघते. म्हणून गुरं भोवतालचं गवत तेवढं खातात आणि घाणेरीला आयती जागा मिळते. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून मार्च-एप्रिलमध्ये पालापाचोळा पेटवतात. त्या आगीत साग-धावड्याची कोवळी रोपं मरतात, घाणेरी मात्र बुडख्यातून पुन्हा फुटते. वर तिची काळी फळं बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि ज्या झाडावर बसतात त्याखाली बी टाकतात. म्हणून तुझ्या रानात पक्षी बसतात ती मोठी झाडं हेरून ठेव. नवी रोपं आधी तिथंच सापडतील, आणि वीतभर असताना ती दोन बोटांनी निघतात.

आता काढायची रीत. कोयत्यानं वरून छाटू नकोस, जाळू नकोस. दोन्हीनं ती दाट होते. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली रीत मला सगळ्यांत भरवशाची वाटते, आणि तिला टिकावाखेरीज काही लागत नाही. झुडपाची फुटण्याची ताकद खोड आणि मूळ जिथं जुळतं त्या गाठीत असते. मातीच्या दोन बोटं खाली, त्या गाठीच्याही खाली, टिकाव तिरका मारून मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उचलून मुळं वर करून उलटं ठेवायचं. फांदी ओल्या मातीला टेकली तर पेरातून मुळं धरते, म्हणून उलटं ठेवणं विसरायचं नाही. दोन चांगले पाऊस होऊन मुरूम मऊ झाला की लाग, म्हणजे जुलैत. फळं धरलेली असतील तर ती आधी तोडून पोत्यात भर.

जेसीबी कुणी फुकट देऊ केला तरी नको म्हण. तो जमीन उसकटतो, आणि उसकटलेली जमीन हीच घाणेरीला सगळ्यांत आवडते. शिवाय त्याच्या चाकांच्या चिखलातून दुसरीकडचं बी तुझ्या रानात येतं. तणनाशकही नको. तुझा नाला चोरल नदीला मिळतो आणि चोरल बडवाह्याजवळ नर्मदेला.

मोकळ्या झालेल्या जागी काय लावायचं? पहिल्या वर्षी झाडं नकोतच, गवत हवं. मारवेल, शेडा, कुसळी ही आपल्याकडची गवतं. मागच्या हंगामातलं त्यांचं बी गावातल्या गवत कापणाऱ्या बायकांकडे असेल. ते त्यांच्याकडून पैसे मोजून घे आणि घाणेरी काढशील त्याच दिवशी तिथं फेक. त्या तुकड्यावर दोन पावसाळे गुरं सोडायची नाहीत, हे मात्र चारणाऱ्यांशी आधी बसून ठरवावं लागेल. त्यांना त्याबदली कापून न्यायला गवत दे. नुसतं कुंपण घालून हे साधत नाही.

मेळाव्याबद्दल माझी मतं पक्की आहेत. मंडप नको, माइक नको. सकाळी सातला धारेवर जमायचं, दोन तास चालायचं आणि प्रत्येकानं स्वतःच्या हातानं निदान एक झुडूप रीतसर काढायचं. मग जेवण. दाल-बाफले असले की आपले लोक थांबतात आणि खरं बोलणं तेव्हाच होतं. इंदुरात राहणारे मालक, म्हणजे राजेंद्रनगर, सुदामानगरातली आपली मंडळी, यांना आग्रहानं आण, कारण वर्षानुवर्षं न फिरकलेल्या जमिनींवरूनच पुढे बी जातं. पण तेवढ्यावर थांबू नकोस. तिथले भिल-भिलाला शेतकरी, गुरं चारणारी मुलं, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायका आणि वनखात्याचा नाकेदार हेही त्याच रांगेत हवेत. त्यांच्याशी बोलताना घाणेरी, टणटणी म्हणून कुणाला कळायचं नाही, राईमुनिया म्हण. आणि वाटाड्या त्यांच्यातलाच कुणीतरी असू दे. कुठल्या खोऱ्यात काय कधी शिरलं, हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं.

रोपांचं वाटप करू नकोस, असंही मी सांगेन. 14 जुलै 2024 ला आपल्या शहरानं एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपं लावून विक्रम केला, आणि लोक किती मनापासून धावून येतात ते आपण सगळ्यांनी पाहिलं. उपटण्याच्या कामाला तसा उत्साह मिळत नाही, विक्रमही होत नाही. म्हणून तुझ्या मेळाव्यात सगळा मान उपटण्याला मिळू दे. कुणी प्रेमानं रोपं आणलीच तर ती कसली आहेत ते बघून घे. सुबाभूळ असेल तर हात जोडून परत कर. चारा आणि सरपण म्हणून तिचं एके काळी फार कौतुक झालं, पण शेंगांमागून शेंगा धरून ती आपल्याच झाडांना मागे सारते.

दुपारी प्रत्येकाला खसऱ्याच्या, म्हणजे आपल्या जमिनीच्या सर्व्हे नंबरच्या, नकाशाची प्रत आणायला सांग. नकाशे जमिनीवर पसरा आणि गावानुसार नव्हे, नाल्यानुसार लावा. वरच्या मालकाचं बी पाण्याबरोबर खालच्याकडे येतं, तेव्हा कुणी आधी काढायचं हा क्रम नकाशातूनच दिसेल. त्या दिवशी ठरवायची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे परत कधी भेटायचं. ऑक्टोबरात एकदा, पुढच्या जुलैत एकदा, आणि असं निदान तीन वर्षं. घाणेरी काढलेली जागा दुसऱ्या पावसाळ्यात पाहिली नाही तर पहिल्या वर्षीची मजुरी पाण्यात गेली समज. तारखा लिहून घे, सगळ्यांच्या सह्या घे.

साग विकायचा प्रश्न कुणीतरी काढणारच, आणि काढावाच. ज्याला रानातून काही मिळत नाही तो ते सांभाळणार नाही. मध्य प्रदेशात लोकवानिकीचा कायदा 2001 पासून आहे. त्याखाली खासगी झाडोऱ्याचा मालक व्यवस्थापन आराखडा करून, तो वनखात्याकडून मंजूर करून घेऊन त्याप्रमाणे विरळणी (दाटीतली काही झाडं काढणं) आणि कटाई करू शकतो. वाहतुकीला परवाना म्हणजे टीपी लागतेच. मी असे आराखडे करत आलो आहे, आणि माझं सांगणं असतं की घाणेरी काढण्याचं काम वर्षवार, तुकडेवार त्या आराखड्यातच लिहा आणि विरळणीच्या उत्पन्नातून त्याचा खर्च बाजूला ठेवा. सागाची विरळणी झाली की खाली ऊन पोचतं. काढणीची तयारी नसताना विरळणी केली तर ते ऊन घाणेरीच्या कामी येतं.

गाजर गवताबद्दल थोडक्यात. 1955 च्या सुमारास ते पुण्यात प्रथम लक्षात आलं आणि आता आपल्या प्रत्येक गाडीवाटेच्या कडेला आहे. रानाच्या आत ते फारसं टिकत नाही, पण वाटेवरून शेतात जातं. फुलण्याआधी, हातमोजे घालून उपट. काहींना त्यानं अंगावर चट्टे उठतात, दम लागतो, तेव्हा अशांना त्या कामाला लावू नकोस. आणि ते वाया घालवू नकोस. 1924 ते 1931 या काळात इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आपल्या इंदुरातच होते आणि रानातला-शेतातला पालापाचोळा, तण, शेण यांचं थरांचं कंपोस्ट करण्याची त्यांची रीत जगभर इंदूरच्याच नावानं ओळखली जाते. फूल न आलेलं गाजर गवत त्या ढिगात बिनधास्त घाल. फूल आलेलं मात्र नाही, बी जिवंत राहतं.

एका गोष्टीनं घाबरू नकोस. पावसाळा सरता सरता सागाची पानं जाळीदार होऊन तपकिरी दिसतील आणि कुणीतरी म्हणेल, नवा रोग आला. तो सागाचीच पानं खाणारा इथलाच किडा आहे. पुढच्या हंगामात साग पुन्हा फुटतो. फवारणीला पैसे घालवू नकोस. पानं खाणारं सगळं परकं नसतं आणि परकं सगळं पानं खात नाही.

राहिली ती नाल्याची जाळी. ती ठेवायला सांगण्याचं आणखी एक कारण आहे. उतारावरची माती सध्या तिच्याच मुळांनी धरली आहे, आणि रानडुक्कर, ससे, कधी बिबट्यासुद्धा दिवसा तिच्या आडोशाला असतो. वरून खाली येत तिथं पोचशील तेव्हा पट्ट्यापट्ट्यानं काढ, एक पट्टा सोडून एक. एका बाजूनं आवाज करत शिर आणि समोरची बाजू मोकळी ठेव. त्या कामाला मेळाव्यातली हौशी माणसं नकोत, चार जाणती माणसं आणि नाकेदार पुरेत.

मेळाव्याचा दिवस जुलैच्या तिसऱ्या रविवारच्या आधी ठरवू नकोस. तोवर पाऊस लागला नसेल तर पुढे ढकल, कोरड्या मुरमात मूळ नीट तुटत नाही. टिकाव निदान पंधरा लागतील. माझ्याकडे सहा आहेत, ते आदल्या संध्याकाळी घेऊन जा. आणि वरच्या धारेचा खसऱ्याचा नकाशा मला आधी पाठव, कुठून चालायचं ते आखून देतो.

तुझा,
काका