‘ब्लूबेरी’ला ‘निळं करवंद’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: बागकामाच्या मजकुराचं भाषांतर करताना ब्लूबेरीसाठी ‘निळं करवंद’ आणि क्रॅनबेरीसाठी ‘लाल करवंद’ लिहिलं तर चालेल का?

नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातलं. देठ तोडला की पांढरा चीक येतो. ब्लूबेरी, क्रॅनबेरी, बिलबेरी, लिंगनबेरी या एरिकेसी कुळातल्या व्हॅक्सिनियम प्रजातीच्या. त्यांना ना चीक, ना काटे. ब्लूबेरी देठाच्या उलट बाजूने पाहा: तिथे पाच टोकांचा लहानसा मुकुट दिसतो. तो फुलाच्या निदलांचा, म्हणजे कळीला बाहेरून झाकणाऱ्या पानासारख्या दलांचा, उरलेला भाग. करवंदाची निदलं देठापाशी असतात, त्यामुळे टोकाला मुकुट नसतो. क्रॅनबेरी आडवी कापली तर आत चार पोकळ कप्पे दिसतात. त्यांतल्या हवेमुळेच ती पाण्यावर तरंगते.

नावाची चूक पुढे मातीत उतरते. ब्लूबेरीला ४.५ ते ५.५ सामूची (pH) आम्लधर्मी माती लागते. सामू त्यावर गेला की झाडाला लोह घेता येत नाही; कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. करवंद असल्या अटी घालत नाही. ‘निळं करवंद’ वाचणारा साध्या मातीत रोप लावून मोकळा होईल.

‘नीलबदरी’ हा शब्दही सुचवला जातो. कानाला गोड आहे, पण बदरी म्हणजे बोर, आणि बोरात आठळी असते. ब्लूबेरीत बारीक बारीक बिया असतात. ‘बदरी’ आणि ‘बेरी’ यांतलं साम्य निव्वळ योगायोगाचं. वनस्पतिशास्त्रात बेरीला ‘मृदुफळ’ म्हणतात, पण तो फळाचा प्रकार झाला. त्यात टोमॅटोही बसतो आणि स्ट्रॉबेरी बसत नाही! म्हणून ‘निळं मृदुफळ’ही नको.

सरळ ‘ब्लूबेरी’ लिहावं, ‘लू’ दीर्घ. शब्द स्त्रीलिंगी: ती ब्लूबेरी पिकली. अनेकवचन कैरी–कैऱ्या या वळणाने ब्लूबेऱ्या, सामान्यरूप ब्लूबेऱ्यांचा. यातला ‘ऱ्य’ जपावा. ‘ब्लूबेर्या’ लिहिलं की वाचताना ‘आर्या’सारखा आघात येतो. झाडाबद्दल लिहिताना ‘ब्लूबेरीचं झुडूप’ म्हणावं, ‘वेल’ नको. जमिनीसरशी पसरते ती क्रॅनबेरी, पण तीही झुडूपच.