आधी भिंत बघ

प्रिय मुली,

तुझं पत्र परवा मिळालं. चांगली चार पानं आहेत, पण त्या चार पानांत इटलीतल्या राव्हेन्नाची ती भिंत, रंगीत काचतुकड्यांच्या मोझॅक चित्राची, एकदाही आली नाही. एक अभ्यासक म्हणतो चित्र राजकीय आहे, दुसरा म्हणतो ते पूजाविधीचं आहे, आणि शेवटी तुझा प्रश्न, "बाई, मी कुणाची बाजू घेऊ?" अगं, कुणाचीच नको. आधी भिंत बघ.

ती भिंत ज्यात आहे त्या सान व्हिताले चर्चची प्रतिष्ठापना ५४७ साली बिशप मॅक्सिमियनच्या हस्ते झाली. वेदीच्या एका बाजूला बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जस्टिनियन, समोर सम्राज्ञी थिओडोरा. दोघंही राव्हेन्नात कधी आले नाहीत, हे तू नीट लिहिलंयस. पण जस्टिनियनच्या हातात काय आहे? ख्रिस्ती पूजेतल्या प्रभुभोजनाच्या भाकरीचं सोनेरी ताट. ते ताट बिशपच्या हातावरून पुढे आलंय, म्हणजे सम्राट पुढे. आता नजर खाली आण. पायांवरून पाहिलं तर बिशपच पुढे वाटतो. आणि डोक्यावर नाव लिहिलंय ते एकट्या मॅक्सिमियनचं, सम्राटाचं नाही! राजसत्ता मोठी की धर्मसत्ता, हा तुझा सगळा वाद त्या वीतभर जागेत मांडून ठेवलाय, आणि तू तो तळटीपांत शोधत बसलीस.

मला राग येतो तो का, तेही सांगते. तुझ्या वयाची असताना मी त्याच गावातल्या सान्त आपोल्लिनारे नुओवो चर्चवर प्रबंध लिहिला. ते बांधलं ऑस्ट्रोगॉथ टोळ्यांचा राजा थिओडोरिक याने. तो एरियन पंथाचा. ख्रिस्त देवपित्याच्या बरोबरीचा नाही असं मानणारा. ५४० मध्ये जस्टिनियनच्या बायझंटाइन फौजांनी शहर घेतलं आणि पुढे ते चर्च सनातनी ख्रिस्ती पंथाकडे, म्हणजे ख्रिस्ताला बरोबरीचा मानणाऱ्यांकडे, गेलं. तिथल्या मोझॅकमध्ये थिओडोरिकचा राजवाडा आहे. त्याच्या कमानींत माणसं उभी होती, ती उखडून काढली आणि तिथे पडदे बसवले. पण हात राहिले. कमानींतली माणसं गेली, तरी खांबांवर आलेले त्यांचे पंजे आजही तिथेच आहेत, धडाशिवाय.

मी प्रबंधात काय लिहिलं होतं? पडद्यांमुळे राजवाड्याला शांत, रिकामं सौंदर्य आलंय! हात मला दिसलेच नाहीत. पोस्टकार्डाएवढा कृष्णधवल फोटो होता, ग्रंथालयात दुसरा नव्हता, इटलीला जायला पैसे कुठले? परीक्षकांनीही काही विचारलं नाही. वयाच्या ५२व्या वर्षी त्या भिंतीखाली उभी राहिले तेव्हा पोटात खड्डा पडला. घरी येऊन तोच जुना फोटो काढला, भिंग लावलं. हात त्यातही होते.

त्यानंतर मी फार लिहिलं नाही. लोकांनी त्याला आळस म्हटलं. आळस नव्हता तो. न पाहिलेल्या भिंतीवर एक ओळही लिहायची नाही असं ठरवलं होतं, आणि ते बरोबरच होतं असं मी आजही म्हणेन. चार लेख कमी झाले असतील, पण त्या रिकाम्या सौंदर्यासारखं वाक्य पुन्हा माझ्या हातून गेलं नाही.

तुला अजून जाता येत नाही, ठाऊक आहे मला. पण तुझ्याकडे असे फोटो आहेत की एकेक तुकडा मोजता येतो. मोज. फक्त एवढं लक्षात ठेव, की सोन्याचा वर्ख काचेच्या दोन थरांमध्ये घालून केलेले ते तुकडे ओल्या गिलाव्यात किंचित तिरके बसवतात. त्यामुळे खालून चालणाऱ्याला उजेड हलताना दिसतो. फोटोत तो थिजतो. म्हणून एकाच फोटोवर विसंबू नकोस, वेगवेगळ्या वेळी काढलेले चार-पाच शेजारी लाव.

दमलीस, कळतंय. सोडून द्यावंसं वाटतं असं लिहिलंस, ते वाचून रात्री झोप नाही आली. पण मी समजूत घालत बसणार नाही. आठवडाभर लेखांची ती फाइल उघडू नकोस. थिओडोराच्या झग्याच्या काठावर तीन माणसं भरलेली आहेत, भेटी घेऊन निघालेली. ती कोण ते तुला पाठ आहे, ते नको सांगूस. ती कुठल्या दिशेला निघालीत, आणि थिओडोराचे स्वतःचे हात काय करतायत, एवढंच बघून मला रविवारपर्यंत लिही.

तुझ्या बाई