४ वर्षांच्या मुलाची ॲलर्जी टेस्ट: रक्ताची करावी की स्किन प्रिक?

तुम्ही लिहिलंय की अंडं खाल्लं की तासाभरात मुलाच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतो, आणि लॅबवाला शंभरेक पदार्थांचं पॅकेज घ्या म्हणतोय. मी डॉक्टर नाही, पण आमच्या लेकीच्या दोन्ही टेस्ट झाल्यात त्यावरून सांगते, ते पॅकेज घेऊ नका.

कारण असं की दोन्ही टेस्ट एकच गोष्ट बघतात, त्या पदार्थाविरुद्ध शरीरात आयजीई (ॲलर्जीत दिसणारी अँटिबॉडी) तयार झालंय का. आयजीई आहे म्हणजे ॲलर्जी आहेच असं नाही. आमच्याकडे रिपोर्टमध्ये गहू आणि तूरडाळसुद्धा पॉझिटिव्ह आली होती, आणि पोरगी दोन्ही वेळा वरण-पोळी खाऊन ठणठणीत! एक्झिमावाल्या (कातडी कोरडी, लाल होऊन खाजते तो आजार) मुलांत तर असं सर्रास दिसतं. सासूबाई लगेच पोळी बंद करायला निघाल्या होत्या, डॉक्टरांनी थांबवलं, म्हणाले जे खाऊन काही होत नाही ते कागद बघून बंद करायचं नाही.

स्किन प्रिकला घाबरू नका. हातावर पेनने खुणा करतात, प्रत्येक खुणेजवळ एकेक थेंब, त्यातून बारीकसं टोचतात, रक्तबिक्त येत नाही. मग १५-२० मिनिटं खाजवू द्यायचं नाही, हेच खरं अवघड, मोबाईल चार्ज करून न्या 😀. नंतर पट्टीने गांधी मोजतात, साध्या सलाईनच्या थेंबापेक्षा ३ मिमी किंवा जास्त आली तर पॉझिटिव्ह. रिझल्ट तिथंच हातात. फक्त सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची औषधं साधारण आठवडाभर आधी बंद लागतात, ते डॉक्टरांना विचारूनच करा.

औषध बंद करता येत नसेल, किंवा कातडीवर सगळीकडे एक्झिमा असेल, तर रक्ताची बरी, तिला औषध चालतं. पण त्यातही फक्त अंडं आणि डॉक्टरांना संशय असेल तेवढंच सांगा. निगेटिव्ह आली तर बऱ्यापैकी भरवशाची, पॉझिटिव्ह आली तर मात्र हिस्ट्रीशी, म्हणजे खाल्ल्यावर खरंच काय झालं होतं त्याच्याशी, जुळवूनच बघायची. आकडा मोठा म्हणजे रिॲक्शन मोठी असंही नसतं.

पॅच टेस्ट वेगळी, ती ४८ तास पाठीवर चिकटवतात, निकेल वगैरे कातडीला लागून होणाऱ्या ॲलर्जीसाठी, तुमच्या कामाची नाही. आणि आयजीजीचं (ही आयजीईपेक्षा वेगळी अँटिबॉडी) फूड पॅनल कोणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, पदार्थ पोटात जातोय एवढंच त्यातून कळतं.

तरीही शंका राहिली तर शेवटची टेस्ट म्हणजे हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर थोडं थोडं अंडं खायला घालून बघणं, ॲड्रेनलिन (जोराच्या रिॲक्शनवरचं इंजेक्शन) शेजारी तयार ठेवून. घरी हा प्रयोग अजिबात नको. आणि हो, अंड्यामुळे एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस चुकवू नका, ती चालते.